दांडीवरचा हात

विलो खोरं, मोंटाना
२ नोव्हेंबर १९८२

माझी आर्लिस,

तुझं कार्ड आलं! एक ओळ तर एक ओळ, पण तुझ्या हातची. ‘ट्रूडी तिकडे आली आहे का, कळव.’ आली आहे गं, आली आहे! सफरचंदं उतरवायच्या दिवसांत आली ती इथेच आहे, पोटभर जेवते, आणि तुझ्यासारखंच कोपर टेबलावर टेकून जेवते. तू फोन नंबर लिहिला नाहीस म्हणून हे पत्र. माझं अक्षर तुला ठाऊकच आहे, कोंबडी चिखलातून चालल्यासारखं. चौथीनंतर शाळा मी पाहिली ती मेंढ्या हाकताना, बाहेरून. तेव्हा चुका काढत बसू नकोस.

आली कशी ते ऐक. एक मोटार अंगणात येऊन थांबली, दार दोरीने बांधलेलं. मला वाटलं झाडू-ब्रश विकणारी कुणी असेल. दारातूनच ओरडले, “मला काही नको!”

तर ती म्हणते, “मला हवंय. आजी, मी ट्रूडी.”

माझे हात कणकेचे होते. तसेच गळ्यात टाकले. तिच्या काळ्या स्वेटरवर पाठीमागे माझे दोन्ही पंजे उमटले, आणि तसाच स्वेटर घालून ती दिवसभर हिंडली. आर्लिस, तुझी मुलगी झाली केवढी, आणि तू मला तिचा एक फोटो पाठवला नाहीस. बरं, ते राहू दे. मी भांडायला नाही बसलेली.

तुझे बाबा पहिले दोन दिवस तिच्याशी बोललेच नाहीत. म्हणजे रागाने नाही, त्यांना सुचेना. तिसऱ्या दिवशी ती भिंतीवरची बंदूक बघत उभी राहिली. तीच, तुझ्या आजोबांची, लांब नळीची, एका वेळी एकच काडतूस खाणारी. म्हणाली, “आजोबा, ही अजून चालते?”

“माझ्यापेक्षा बरी चालते,” म्हणाले.

“मग यंदा एल्क हरणाच्या शिकारीला मी हीच नेणार.”

तुझ्या बाबांनी तिच्याकडे तोंड वळवलं. मला वाटलं आता हाकलतात. तर म्हणाले, “हिची काडतुसं घरी भरावी लागतात. शिकशील?”

झालं. तेव्हापासून दोघं मागच्या शेडमध्ये. मला कोणी विचारत नाही! तुला आठवत असेल, दुकानातली जोरदार काडतुसं त्या बंदुकीला चालत नाहीत. तिचं लोखंड म्हातारं, माझ्या गुडघ्यांसारखं. तिला मऊ शिशाची गोळी आणि बेताचीच दारू, नाहीतर फुटायची. म्हणून आधी शिसं. गावातल्या गॅरेजवाल्याकडून चाकांना लावायची जुनी वजनं आणली बादलीभर. त्यात काही जस्ताची असतात, ती निघाली पाहिजेत, नाहीतर सगळा रस नासतो. तुझे बाबा ती दातांनी ओळखतात! शिसं दबतं, जस्त दबत नाही. ट्रूडीने तेच केलं तेव्हा मी चिमटा घेऊन धावले. “तोंडातलं काढ आधी! शिसं खाऊन तुझा आजोबा असा झालाय, दिसत नाही का?”

मग रस केला, मळी सुटून वर यावी म्हणून त्यात मेणाचा तुकडा टाकला, धूर असा की शेड पेटलीसं वाटावं. वरची मळी काढायची, पळीने साच्यात ओतायचं, थांबायचं, साचा उघडायचा, आणि टप्पकन गोळी जुन्या घोंगडीवर. अंगठ्याएवढी जाड, चांदीसारखी लखलखीत. पहिल्या सगळ्या सुरकुतलेल्या निघतात, साचा थंड असतो म्हणून. ट्रूडी हिरमुसली. तुझे बाबा म्हणाले, “परत वितळव. शिसं राग धरत नाही.” मी बाहेरून ऐकलं आणि म्हटलं, बघा, हा माणूस कुणाला काय सांगतोय!

कार्ड आलं ते मी त्यांना सांगितलं. हं म्हणाले. तुला माहीतच आहेत ते.

ट्रूडीची काळजी करू नकोस. तिच्यावर रागावू नकोस. तिने तुला न सांगता यायला नको होतं, हे मी तिला बजावलंय; पण ती आली म्हणून मला किती बरं वाटतंय ते कसं लिहू? भांडी घासताना मी गाते आहे. तुझे बाबा म्हणाले, मेंढ्या बुजतील.

तुझी,
आई


९ नोव्हेंबर, सकाळी

आर्लिस,

थोडक्यात लिहिते, निघायची घाई आहे.

ट्रूडी काल डोंगरावर गेली. वरच्या मेंढपाळाच्या खोपटात राहणार आणि आज दिवसभर एल्कच्या मागावर. बरोबर सगळं दिलंय, लोकरीचे मोजे, सॉसेज, लेफ्सा. लेफ्साच्या पोळ्या यंदा छान झाल्यात, बटाटे कोरडे होते म्हणून. बंदूक आहे. काडतुसांचा डबा आहे.

तुझे बाबा आत्ता नाश्त्याला बसले होते. अंडं अर्धं टाकून उठले. त्यांना एका काडतुसाबद्दल शंका आली आहे. एकाच. उगाच असेल. म्हणून म्हटलं वर जाऊन तिला सांगून यावं की आज बार काढू नकोस. गाडी मी चालवणार. हल्ली मीच चालवते. का ते नंतर लिहीन.

हवा चांगली आहे. थोडं बर्फ आहे वर.

तुला ट्रूडीचा रक्तगट माहीत आहे का? सहज विचारते. असो, माहीत असला तरी तुझं उत्तर येईपर्यंत

हॉर्न वाजवताहेत. जाते.


११ नोव्हेंबर

माझी आर्लिस,

आधी हे वाच, मग बाकीचं. ट्रूडी धडधाकट आहे. दोन्ही डोळे, दहाही बोटं. आत्ता चुलीपाशी बसून मोजे वाळवते आहे आणि मी काय लिहिते ते मान लांब करून बघते आहे. जा गं तिकडे!

वरचं नऊ तारखेचं पोस्टात टाकलंच नव्हतं, ते याच पाकिटात घालते. फाडून टाकणार होते. पण तुला पुष्कळ गोष्टी न सांगण्यात माझी इतकी वर्षं गेली, आता पुरे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, तुझे बाबा हं म्हणाले. खोटं लिहिलं. तू मनाला लावून घेशील, आणि चूक माझी होती म्हणून.

त्या दिवशी ते काडतुसं भरत होते. ट्रूडी गावात गेली होती, मेण संपलं म्हणून. तुला ती शेड आठवते ना? दारूचा डबा उघडा असला की तिथे जिभेला कुलूप. तू लहान असताना एकदा आत जाऊन काही विचारलंस तर त्यांनी खांद्याला धरून बाहेर ठेवलं होतं. मारलं नाही, फक्त ठेवलं. मीही इतक्या वर्षांत आत बोलले नाही. मी! मला केवढं कठीण ते तूच समजू शकतेस.

पोस्टमनने कार्ड दिलं आणि मी सगळं विसरले. शेडचं दार ढकललं आणि ओरडले, “हॅल्वर, आर्लिसचं कार्ड!”

ते उठले, आर्लिस. भरताना ते कुणासाठी उठत नाहीत. एकदा गवताच्या गंजीला आग लागली तेव्हासुद्धा आधी डब्याला झाकण घातलं आणि मग उठले. तुझ्या कार्डाला तसेच उठले. स्टूल पडलं. कार्ड हातात घेऊन नाकाला टेकेपर्यंत जवळ धरलं, खिडकीशी नेलं, उलटंसुलटं केलं. मला म्हणाले, “वाच.” मी वाचलं. म्हणाले, “परत वाच.” मी पाच-सहा वेळा वाचलं असेल. एक तर ओळ! मग खिशात घातलं आणि परत कामाला बसले.

आता भरतात कसं ते सांगते, म्हणजे तुला कळेल. बाकावर दारूचं माप बसवलेलं आहे, बाजूला दांडी. खाली पितळेची रिकामी पुंगळी धरायची, दांडी ओढली की मापात बसेल तेवढी दारू खाली पडते. ती पुंगळी उजवीकडे ठेवायची, डावीकडची दुसरी घ्यायची. शेवटी टॉर्चने सगळ्यांच्या तोंडात डोकवायचं, दारू सारखी पडली का, आणि मग गोळी दाबून बसवायची. तुझ्या आजोबांच्या वेळी काळी दारू होती, पुंगळी गच्च भरायची. चुकून दोनदा ओतली तर सांडायची आणि चूक समोर दिसायची. आताची दारू जहाल, थोडीच लागते. पुंगळी अर्धीही भरत नाही. दोनदा पडली तरी वर जागा उरते, गोळी नीट बसते, आणि बाहेरून काडतूस अगदी इतरांसारखं. फक्त बार काढताना ती म्हातारी बंदूक चेहऱ्याजवळ फुटते.

आणि टॉर्चने तुझे बाबा बघू शकत नाहीत. हे मी तुला लिहिलं नव्हतं. त्यांना मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. दोन हिवाळे झाले. ते बोलत नाहीत, म्हणून मीही बोलत नाही. मी गाडी चालवते, ते म्हणतात पाय दुखतो. भरताना ते एक लाकडी काडी पुंगळीत सोडतात आणि नखाने खोली बघतात. एरवी एकही चुकत नाही. पण त्या दिवशी कार्ड खिशात होतं. काडी सोडायचीच राहिली.

नऊ तारखेला नाश्त्याला काटा हातात तसाच धरून म्हणाले, “अल्विना, तू आत आलीस तेव्हा माझा हात दांडीवर होता का?”

मी म्हटलं, “कुठल्या दांडीवर?” मला कळलं होतं कुठल्या.

“मी परत बसलो तेव्हा मापाखाली पुंगळी उभी होती. मी दांडी ओढली. आधी ओढलेली होती का, ते मला आठवत नाही. तू दारात होतीस. तू पाहिलंस.”

मी पाहिलं होतं. दार उघडलं तेव्हा त्यांचा हात दांडीवर होता आणि खाली येत होता. मला आत्तासुद्धा दिसतो आहे.

“खाली येत होता,” मी म्हटलं.

मग मी तुला ते अर्धवट पत्र लिहिलं आणि आम्ही निघालो.

रस्ता संपतो तिथे ट्रूडीची मोटार उभी होती. खोपटात कोणी नव्हतं, शेकोटी गार. मी हॉर्न दाबून धरला. वारा असा की माझ्याच कानाला जेमतेम ऐकू आला. तुझे बाबा गाडीतली दुसरी बंदूक काढत होते. आपल्याकडे डोंगरात तीन बार म्हणजे मदतीला या, हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. त्यांनी नळी आभाळाकडे केली.

मी झडप घालून ती खाली ओढली. जवळजवळ पडलेच त्यांच्या अंगावर.

“काय करतेस म्हातारे!”

“तीन बार ऐकून ती काय करेल?” मी किंचाळले. “तूच शिकवलंस तिला! ऐकलं की उलट एक बार काढून सांगायचं, ऐकलंय, येते!”

त्यांचा चेहरा असा झाला, आर्लिस, की मी दुसरीकडे पाहिलं. बंदूक त्यांनी सीटवर ठेवली, अगदी हळू, झोपलेल्या मुलाला ठेवतात तशी.

आणि तेवढ्यात वरून बार ऐकू आला.

एकच. घुमत घुमत खोऱ्यात उतरला. तुझे बाबा तोंड उघडं ठेवून ऐकत होते. मी त्यांची बाही धरली होती. घुमणं संपलं तरी ते हलेनात.

“बरोबर होता,” म्हणाले. “एकाच मापाचा आवाज. दोनाचा असता तर फुटका आला असता.”

“नक्की?”

“वाऱ्यात कसं सांगू नक्की?”

मग चढण. मी पुढे, ते माझ्या कोटाचा पट्टा धरून मागे. सत्तरीच्या पुढची दोन माणसं, गुडघाभर बर्फ. मी ओरडत होते, “ट्रूडी! बार काढू नको! ट्रूडी!” मेंढ्यांना हाका घालून कमावलेला आवाज माझा, पण उत्तर नाही. दर हाकेनंतर वाटायचं आता दुसरा बार येतो. जनावर जखमी झालं असेल तर ती दुसरा काढणारच, असंच शिकवलंय तिला. मी देवाला म्हटलं, तिचा पहिलाच नेम लागू दे. एल्कसाठी कुणी अशी प्रार्थना केली नसेल.

डोंगराच्या सोंडेवर चढलो आणि समोर उतारावर, पाईनच्या झाडांखाली, मला नारिंगी दिसलं. शिकारीची बंडी. बर्फाला टेकलेली.

“काय दिसतंय?” ते म्हणाले.

“नारिंगी.”

“उभी आहे का?”

मी पट्ट्यावरचा त्यांचा हात घट्ट धरला. 

“अल्विना, ती उभी आहे का?”

“तूच बघ ना!” मी ओरडले. भीतीने ओरडले, रागाने नाही.

“मला दिसत नाही,” म्हणाले. दोन हिवाळ्यांत पहिल्यांदा. “मला दिसत नाही गं. सांग ना.”

मी सांगणार काय? ते नारिंगी हललं. मग उठलं. मग वळलं, कोपरापर्यंत रक्ताने माखलेलं, हातात सुरी, आणि खालून आवाज आला, “आजी! अगं शिंगं बघ केवढी! तुम्ही इथे कसे? आणि आजोबांना का आणलंस एवढं वर?”

मी बर्फात बसले. हसू की रडू कळेना, दोन्ही केलं. तुझे बाबा मात्र उतारावरून सरळ निघाले, तिच्या आवाजाच्या दिशेने, एकदा पडले, उठले, आणि पोचल्याबरोबर म्हणाले, “बंदूक कुठे आहे?”

“झाडाला टेकवलीय. भरून ठेवलीय, तुम्हीच सांगितलं होतं, बार काढला की लगेच...”

“हात लावू नकोस.”

त्यांनी चाचपत जाऊन ती उघडली. काडतूस तळहातावर पडलं. मग डबा मागितला. मग तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बोटांनी सगळीकडून बघितला, कपाळ, भुवया, गाल. तिने चेहरा तसाच धरू दिला. तिला तेव्हा काही माहीत नव्हतं, तरी धरू दिला. शहाणी आहे तुझी मुलगी.

घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळी काडतुसं फोडली. ट्रूडी म्हणाली, वजन करून कळेल ना कोणतं जड ते? तर नाही कळत. घरी ओतलेल्या गोळ्याच एकमेकींपेक्षा कमी-जास्त भरतात, दारूचा फरक त्यात लपून जातो. म्हणून हातोड्यासारखं ते अवजार काढलं. काडतूस त्यात अडकवायचं, ओंडक्यावर ठोकायचं, गोळी आणि दारू सुटून येते. ट्रूडी ठोकत होती, बशीत ओतत होती, तुझे बाबा बोटाने ढीग चाचपत होते. “बरोबर.” ठोक. “बरोबर.” नळीतून काढलेलं बरोबर निघालं. डबा संपत आला तशी मला आशा वाटू लागली की माझ्या डोळ्यांनीच काहीतरी उलटं पाहिलं. त्यांचा हात वर जात असेल, खाली नाही.

मग एका ठोक्यानंतर तुझ्या बाबांचं बोट बशीत थांबलं. मी पाहिलं. दुप्पट होता ढीग, आंधळ्यालाही कळावा असा.

ट्रूडी आधी हसली. मग तिने आपल्या हातांकडे पाहिलं, आणि उठून बाहेर गेली. लाकडांच्या ढिगामागे ओकत होती, मला ऐकू येत होतं. मी जाऊन तिचे केस मागे धरले.

“आईला लिहू नकोस,” म्हणाली. “ती मला घेऊन जाईल.”

आत येऊन मी तुझ्या बाबांना विचारलं, काय करू? म्हणाले, “लिही. चूक माझी, म्हणून लिही.”

“माझी आहे,” मी म्हटलं. “मी आत ओरडले.”

“मी उठलो.”

“मी ओरडले म्हणून उठलास ना?”

“उठायला पाय माझे होते.”

“दोघं गप्प बसा,” ट्रूडी म्हणाली, “मला भूक लागलीय.” ओकून आलेली पोरगी, आणि कालवण असं जेवली की पातेलं रिकामं.

आज सकाळी तुझ्या बाबांनी दारूचं माप बाकावरून स्क्रू काढून उतरवलं, पोत्यात गुंडाळलं आणि ट्रूडीच्या मोटारीत ठेवलं. तिला म्हणाले, “तुझं. माझ्याकडे परत आणू नकोस.” आणि मला म्हणाले, शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरला फोन कर. मी म्हटलं, पाय दुखतो ना तुझा? चांगलेच चिडले. मला बरं वाटलं.

तर आता तुला सगळं कळलं. तू रागावशील. रागव, तुझा हक्क आहे, मी तुझ्या जागी असते तर या घराची कौलं काढली असती. पण एवढं पत्रात मावणार नाही, आणि पत्रात रागावलं तर आम्ही उलट बोलणार कसं? एल्क बैलाएवढा आहे. शेडमध्ये टांगलाय, थंडीने कडक झालाय, आणि आम्ही तिघं मिळून तो वसंतापर्यंतसुद्धा संपवणार नाही. तुझ्या बाबांनी पुढच्या पायाचा भाग बाजूला काढून ठेवलाय. कुणासाठी ते सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, असू दे.

रागावून ये. पण ये.

तुझी,
आई